लॉ फर्मची ऑफर आली आहे. होकार देण्याआधी आतलं वातावरण कसं ओळखायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून २०२१ साली एलएलबी झाले आणि तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयात एका सरांच्या चेंबरमध्ये ज्युनियर आहे. काम भरपूर शिकले, पण हातात येतं ते डोंबिवलीच्या पीजीचं भाडं आणि लोकलचा पास यांतच संपतं. मागच्या आठवड्यात लोअर परळच्या एका मध्यम आकाराच्या फर्ममधून लिटिगेशन (कोर्टातल्या खटल्यांच्या) टीमसाठी ऑफर आली. पैसे आत्ताच्या जवळजवळ तिप्पट. उत्तर द्यायला दहा दिवस दिलेत, त्यातले तीन गेले.

मला कामाची भीती नाही. तिसऱ्या वर्षाला असताना एका मोठ्या फर्ममध्ये चार आठवडे इंटर्न होते. कोर्टात द्यायच्या कागदांच्या कम्पायलेशनच्या पानांचे नंबर चुकले म्हणून एका पार्टनरनी आम्हा पाच इंटर्नसमोर एका असोसिएटच्या टेबलावर तो गठ्ठा आपटला आणि 'तुझ्या घरच्यांनी तुला शिकवलं कशाला?' असं विचारलं. ती ताई वॉशरूममध्ये जाऊन आली आणि पुन्हा पानं लावायला बसली. हेच पार्टनर तिच्या इंटरव्ह्यूला किती गोड बोलले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

२०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी गेली, तिच्यावरच्या कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. तेव्हापासून माझी आई रोज रात्री फोन करते, 'निघालीस का?'

मला ऑफर देणाऱ्या पार्टनर मॅडम दोन्ही वेळा छान बोलल्या. पण बाहेरच्या माणसाने आतलं खरं कसं काढायचं? कोणी हे केलं असेल तर सांगा.

करवंद
आधी अभिनंदन! आईला सांग, एवढ्या जपून विचार करणाऱ्या मुलीची काळजी थोडी कमी केली तरी चालेल.

हुतात्मा चौक
मी २२ वर्षं फोर्टमध्ये सॉलिसिटर आहे. वकिलांना एक सोय आहे जी इतर धंद्यांत नाही: आपलं काम सार्वजनिक नोंदीत राहतं.

उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या फर्मच्या मॅटरमधले मागच्या तीन-चार वर्षांचे आदेश उघड. प्रत्येक आदेशाच्या सुरुवातीला हजेरी असते: सीनियर कोण, त्यांच्यासोबत कोण आणि शेवटी 'आय/बी' (इन्स्ट्रक्टेड बाय) म्हणून काम सोपवणाऱ्या फर्मचं नाव. ती 'सोबत'ची नावं एका वहीत उतरवून घे. २०२२ मध्ये कोण होतं, आज कोण आहे? सहा नावांपैकी पाच गायब असतील तर ते पाच जण कुठे गेले ते बघ. खालच्या कोर्टांतल्या मॅटरसाठी ईकोर्ट्सवर वकिलाच्या नावाने शोधता येतं.

दुसरं, सीनियर काउन्सेल नसताना फर्मकडून उभं कोण राहतं ते बघ. तारीख मागायला, साधा अंतरिम अर्ज चालवायला ज्युनियरला उभं करतात, की तिथेही पार्टनरचंच नाव? तुला कोर्टात उभं राहायची सवय आहे. फर्ममध्ये जाऊन चार वर्षं फक्त ड्राफ्ट आणि तारखांची यादी करायची असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

फर्म एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर पार्टनर कधी आले, कधी गेले याचे फॉर्म कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून पाहता येतात. वर्षभरात एका टीमचे दोन पार्टनर बाहेर पडले असतील तर त्याला काहीतरी कारण असतं.

मीठभाकर
हुतात्मा चौक, पद्धत आवडली, पण निष्कर्षाला थोडा विरोध. मी एका फर्मच्या एचआरमध्ये होते. तीन वर्षांनी पोरं जातात ती सगळी छळाने नाही जात. कोणी एलएलएमला बाहेर जातं, कोणी बँकेच्या लीगलमध्ये, कोणी न्यायाधीश व्हायची परीक्षा देतं. शिवाय आदेशात नावं सुटतातही.

हुतात्मा चौक
मान्य. म्हणूनच 'कुठे गेले' असं लिहिलं. तीन वर्षांनी एलएलएमला गेला तर ठीक. आठ महिन्यांत त्याच पदावर, तशाच दुसऱ्या फर्ममध्ये गेला, आणि असे तिघं असतील, तर ते ठीक नाही.

हिशेबनीस
मी सीए. वकिलांची विवरणपत्रं दरवर्षी भरतो, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑफरच्या कागदावर 'रिटेनर' लिहिलंय की 'एम्प्लॉयी', ते आज रात्रीच बघा.

बार काउन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांतल्या ४९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकर असलेल्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे बऱ्याच फर्म असोसिएटला रिटेनर म्हणून घेतात. दर महिन्याला व्यावसायिक फी मिळते, त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. ऑफरचा आकडा पगार समजून घरी सांगितला जातो आणि मग आगाऊ कराचा हप्ता भरायची वेळ आली की माझ्याकडे धावपळ होते. यात बेकायदा काही नाही. पण वेळा साडेनऊ ते रात्री अकरा, रजा मागून घ्यायची, बाहेरचं एकही काम घ्यायचं नाही, आणि काही मागितलं की 'तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात' असं उत्तर, हे मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की राग येतो.

गोदाकाठ
हिशेबनीसकाका, आत्ता पाहिलं. रिटेनर लिहिलंय. नोटीस ३ महिने, दोन्ही बाजूंनी. रजा 'फर्मच्या धोरणाप्रमाणे'. धोरण जोडलेलं नाही.

दवबिंदू
धोरण मागून घे गं. माझं ऐक, ते घेतल्याशिवाय सही करू नकोस.

मी हे कुठेच लिहिलं नव्हतं. एका फर्ममध्ये मी सहा वर्षं होते. फर्मचं नाव लिहीत नाही. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात आर्बिट्रेशनची (लवादासमोरची) उलटतपासणी लागली होती. पाय सुजलेले, खुर्चीखाली पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यावर पाय टेकवून मी पाच दिवस सीनियरना चिठ्ठ्या देत बसले. निकाल आमच्या बाजूने लागला. पार्टीला माझं नाव घेऊन टाळ्याही झाल्या. बाळंतपणाची रजा मागितली तेव्हा कळलं की मी रिटेनर आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये २६ आठवडे झाले, पण तो कायदा वेतनावर कामाला असलेल्या बाईसाठी. 'तू त्यात बसत नाहीस, पण आम्ही तुला सहा आठवडे देतो, प्रेमाने.' प्रेमाने हा शब्द त्यांचा. चौथ्या महिन्यात परत गेले तर माझी मॅटर्स वाटून झाली होती, बसायला जागा लायब्ररीत, आणि दोन महिन्यांनी 'आपण आता थांबूया'.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि माझी स्वतःची प्रॅक्टिस ठाण्यात चांगली चालते. पण त्या सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की माझ्याआधी इथे कोणाला मूल झालं आणि ती आता कुठे आहे. उत्तर समोरच होतं: आमच्या मजल्यावर पस्तिशीच्या पुढची एकही बाई असोसिएट नव्हती. पुरुष होते.

तुझं लग्न, मूल हे अजून डोक्यातही नसेल. तरी हा प्रश्न विचार: बाळंतपणानंतर परत आलेल्या किती जणी आज, दोन वर्षांनंतर, फर्ममध्ये आहेत? त्यांच्यातल्या एकीशी बोलता येईल का? ज्या फर्ममध्ये अशी एकजण असते ती फर्म आनंदाने गाठ घालून देते.

करवंद
दवबिंदू ताई, वाचून गप्प बसले काही वेळ.

सोनटक्का
दवबिंदू, लिहिलंत ते फार बरं केलंत.

लैंगिक छळाबाबत भर घालते. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा आणि कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. इथे मात्र 'रिटेनर आहेस, तू बसत नाहीस' चालत नाही. या कायद्यात कंत्राटी, तात्पुरते, शिकाऊ सगळे येतात. समितीत कोण कोण आहे, बाहेरची सदस्य कोण, हे एचआरला सरळ विचार. दोन ओळींत नावं आली तर समिती जिवंत आहे. 'तशी कधी गरजच पडली नाही' असं उत्तर आलं तर तिथे कोणी तोंड उघडत नाही असं समजायचं.

आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनने २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळजवळ सात हजार वकिलांना विचारलं होतं. दर दोन स्त्रियांमागे एकीने आणि दर तीन पुरुषांमागे एकाने कामाच्या जागी दादागिरी सोसल्याचं सांगितलं. दर तिघींपैकी एकीने लैंगिक छळ. त्यामुळे 'गरजच पडली नाही' यावर माझा विश्वास बसत नाही.

जुना बोर्ड
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी १९८९ ला सुरुवात केली. सर रात्री एकला ड्राफ्ट फाडायचे आणि सकाळी साडेदहाला नवा हातात हवा असायचा. पहिली दोन वर्षं गाडीभाडंसुद्धा सुटलं नाही. त्या रगड्यामुळेच आज कुठलीही याचिका वाचून दहा मिनिटांत तिचा कच्चा दुवा सांगू शकतो. वातावरण वातावरण करत बसाल तर वकिली कधी शिकाल? पहिली पाच वर्षं घासायचीच असतात.

हुतात्मा चौक
साहेब, घासण्याला कोणाची हरकत नाही. माझे सरही ड्राफ्ट फाडायचे. पण फाडल्यावर बसवून सांगायचे की तिसरा परिच्छेद का पडला. धागाकर्तीने सांगितलेल्या प्रसंगात त्या असोसिएटला पानांचे नंबर कसे लावायचे ते कोणी शिकवलं? तिच्या आईवडिलांना मधे आणलं. तुमच्या सरांनी तुमच्या आईवडिलांबद्दल कधी काही काढलं होतं का?

जुना बोर्ड
नाही. कधीच नाही. उलट माझी आई वारली तेव्हा सर साताऱ्याला गावी आले होते.

बरोबर आहे तुमचं. हा फरक मी करायला हवा होता.

मीठभाकर
पैशांचंही बोलूया. बार काउन्सिलने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही. चेंबरमधून मुलं फर्मकडे का पळतात ते यात आलं. पैसे तिप्पट म्हटल्यावर माणूस बाकी काही विचारत नाही, ही त्यातली अडचण.

लंडनचा पाऊस
मी इथे एका फर्ममध्ये आहे, मूळ मिरजेचा. इकडच्या सॉलिसिटरांच्या नियामकाने २०२३ पासून नियमच केलाय की सहकाऱ्यांशी न्यायाने आणि आदराने वागायचं, दादागिरी करायची नाही. २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर कोणीही बघू शकतो. तुमच्याकडे हे नाही, म्हणून प्रश्न विचारूनच काढावं लागेल.

'तुमच्याकडे वातावरण कसं आहे?' असं विचारू नका. 'आम्ही कुटुंबासारखे आहोत' हेच उत्तर येतं. घडून गेलेली एक गोष्ट विचारा. 'मागच्या दिवाळीत टीममधलं कोण सुट्टीवर होतं आणि त्यांची मॅटर्स कोणी पाहिली?' 'शेवटची मोठी चूक कोणाकडून झाली, मग काय केलंत?' खरं सांगणारा माणूस जरा आठवतो आणि मग सांगतो. आठवायला काहीच नसेल तर तेही कळतं.

करवंद
आणि रात्री दहाला त्या इमारतीखालच्या चहावाल्याकडे कटिंग घ्यायला उभं राहायचं. कोणत्या मजल्याचे दिवे चालू आहेत ते त्याला पाठ असतं!

मीठभाकर
करवंद, हसलात तरी त्यात तथ्य आहे. एचआरला विचारायचा प्रश्न: रात्रीच्या जेवणाचं आणि टॅक्सीचं बिल किती वाजल्यानंतर मिळतं, आणि मागच्या महिन्यात टीममधल्या किती जणांनी लावलं?

सोनटक्का
पण बिल मिळतं हे वाईट लक्षण का? उशीर सगळीकडेच होतो. निदान मुलगी सुखरूप घरी जाते.

मीठभाकर
धोरण असणं चांगलंच. रोज लागणं वाईट. म्हणून दुसरा अर्धा प्रश्न.

गोदाकाठ
डोंबिवलीला टॅक्सी देतील का, हाच माझा प्रश्न. नाहीतर लोअर परळहून दादर आणि दादरला शेवटची लोकल पकडायची धडपड.

नेरळकर
अगं दादर कशाला? करी रोडला चालत ये. त्या टॉवरांपासून दहा-बारा मिनिटं. स्लो गाडी आहे, पण डोंबिवलीपर्यंत बसून जाशील, एवढ्या रात्री जागा मिळते.

सोनटक्का
रेटिंगच्या साइटवरचे अभिप्राय कोणीच काढले नाहीत अजून. एकाच आठवड्यात आलेले पाच पंचतारांकित अभिप्राय सोडून द्यायचे. एखाद्याचा जळफळाटही सोडून द्यायचा. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी एकच बारीक तपशील लिहिला असेल, समजा 'शनिवारी फोन बंद असेल तर सोमवारी सगळ्यांदेखत विचारतात', तर तो धरायचा.

लाल फीत
नमस्कार. मी वकील नाही. एका फर्ममध्ये ३१ वर्षं कोर्ट क्लार्क होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. मुलीने हा धागा दाखवला.

बेटा, फायलिंगच्या खिडकीवर उभे असणारे आम्ही लोक सगळ्या फर्म ओळखतो. एखादा पार्टनर असा असतो की लिमिटेशनचा (कायद्याने ठरलेल्या मुदतीचा) शेवटचा दिवस असला तरच त्याची याचिका चार वाजता धापा टाकत येते. एरवी दोन दिवस आधी तयार. एखाद्याचं प्रत्येक फायलिंग शेवटच्या दहा मिनिटांत. ड्राफ्ट त्याच्या टेबलावर आठवडाभर पडून असतो, तो दुपारी दोनला उघडतो, मग ज्युनियर पोरं न जेवता धावतात, परिशिष्टं उलटी लागतात, रजिस्ट्री (कोर्टाचं दाखल करून घेणारं कार्यालय) ऑब्जेक्शन, म्हणजे त्रुटी, दाखवते, आणि ओरडा खातं पोरगं. हे मी शेकड्याने पाहिलं. ओरडणारे पार्टनर बहुतेक असेच, ज्यांना स्वतःचा दिवस आखता येत नाही.

तू रोज कोर्टात असतेस. त्या फर्मचा क्लार्क कोण ते शोध, चहा पाज आणि विचार: 'मॅडमच्या फायलिंगमधली ऑब्जेक्शनं कोण दूर करतं, आणि किती दिवसांत?' मॅडम चांगल्या की वाईट असं विचारू नकोस, तो सांगणार नाही, त्याचं पोट आहे. कामाचं विचारलंस की सगळं कळेल. आणि त्या त्याला नावाने हाक मारतात का, तेही ऐक.

जुना बोर्ड
लाल फीत, नमस्कार. पस्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शंभर टक्के खरं.

हुतात्मा चौक
काका, आमच्या फर्मबद्दल खिडकीवर काय बोलतात हे उद्याच विचारतो.

गोदाकाठ, फर्म सोडून गेलेल्यांना फोन करच. लेखी मागू नकोस, कोणी देत नाही. आयएलएसचे सीनियर धरून दोन-तीन तरी मिळतील. सगळ्यांना तेच तीन प्रश्न: का सोडलंत, त्याच पार्टनरकडे परत जाल का, तुमच्या धाकट्या बहिणीला पाठवाल का? तिसऱ्या प्रश्नानंतर किती वेळ शांतता आहे ते बघ. आणि फर्मचं नाव विसर, पार्टनरचं विचार. एकाच फर्मच्या चौथ्या मजल्यावर सुख आणि पाचव्यावर नरक असू शकतो.

गोदाकाठ
चार दिवसांनी येतेय, सगळ्यांचे आभार. केलं ते सांगते.

आदेशांतून २०२२ पासूनची टीममधली नऊ नावं काढली. चार अजून आहेत. दोघं एलएलएमला, एक दिवाणी न्यायाधीश झाली, दोघं दुसऱ्या फर्ममध्ये. त्या दोघांशी आणि न्यायाधीश झालेल्या ताईच्या मैत्रिणीशी बोलले. एक जण म्हणाला काम प्रचंड, महिन्यातून आठ-दहा रात्री उशीर, पण मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. दुसऱ्याची तक्रार फर्मच्या दुसऱ्या पार्टनरबद्दल, ज्यांच्याकडे मॅडमच्या टीमची पोरं 'उसनी' पाठवतात. तो म्हणाला, बहिणीला मॅडमकडे पाठवेन, पण उसनी जाऊ देणार नाही. हे मला बाहेरून कधीच कळलं नसतं.

काका, फर्मचे क्लार्क भेटले. चहा त्यांनीच पाजला. म्हणाले, ऑब्जेक्शनं मॅडमकडची दोन दिवसांत निघतात, कारण त्या स्वतः यादी मागतात. मॅडमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. 'शिंदेकाका, जेवलात का?' हे पहिलं वाक्य होतं.

दिवाळीचा प्रश्न विचारला. मॅडम थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या की मागच्या दिवाळीत एकाला त्यांनी पाडव्याला बोलावून घेतलं होतं, ते चुकलं होतं, टाळता आलं असतं. अंतर्गत समितीची नावं एचआरने त्याच दिवशी पाठवली.

राहिला कागद. रजेचं धोरण मागितलं, त्यात बाळंतपणाचं १२ आठवडे निघालं. दवबिंदू ताई, तुमची आठवण ठेवून मी मेल लिहिली: २६ आठवडे पूर्ण फीसह, आणि परत आल्यावर त्याच टीममध्ये. दुसऱ्या पार्टनरचं काम द्यायचं तर आधी माझी संमती. दोन दिवस काही उत्तर नाही. आज दुपारी आलं. २६ आठवडे रिटेनरच्या करारात लिहून देतायत, आणि मॅडम म्हणाल्या की हे टीममधल्या सगळ्यांनाच लागू करून घेतलंय. संमतीचं कलम मात्र नाकारलं. मॅडमनी तोंडी शब्द दिला आहे.

दवबिंदू
सगळ्यांना लागू केलं? अगं, मी रडतेय इथे.

हिशेबनीस
तोंडी शब्दाची मेल करून ठेव. 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' एवढीच सुरुवात, दोन ओळी. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तारखेसह ती मेल राहते.

गोदाकाठ
केली आत्ताच. मॅडमचं उत्तर दहा मिनिटांत आलं: 'होय, असंच ठरलं आहे.'

उद्या होकार कळवते. चेंबरच्या सरांना आज संध्याकाळी सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत, मग त्यांची स्वतःची जुनी दिवाणी प्रक्रिया संहिता काढून मला दिली. मार्जिनमध्ये त्यांच्या हाताच्या टिपा आहेत.

लाल फीत
एक तारखेला फायलिंगच्या खिडकीवर ये बेटा. शिंदे माझा जुना दोस्त आहे. रजिस्ट्रीतल्या सगळ्यांशी ओळख करून देतो.